तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग: ओळखायचा कसा आणि लगेच करायचं काय

पहिल्या अठ्ठावीस दिवसांतलं बाळ मोठ्या माणसासारखं आजारी पडत नाही. त्याला फणफणून ताप येईलच असं नाही, खोकला नसतो, रडून ते काही सांगेल याचाही भरवसा नाही. उलट ते गप्प होतं. दूध कमी ओढतं, जास्त झोपतं, हातपाय सैल सोडतं. बघायला आलेली मंडळी म्हणतात, "किती शहाणं बाळ आहे हो, अजिबात त्रास देत नाही." आणि बाळाची आई मात्र मनातून अस्वस्थ असते, कारण कालपर्यंत दर दोन तासांनी दुधासाठी घर डोक्यावर घेणारं बाळ आज उठवलं तरी उठत नाही.

या लेखात मला सगळ्यात जास्त भर द्यायचा आहे तो तिच्या या अस्वस्थतेवर. "बाळ नेहमीसारखं नाही" हे आईचं वाक्य आजाराचं पहिलं लक्षण म्हणून धरा. तापाची वाट पाहू नका, सकाळ होऊ द्या असं म्हणू नका. नवजात बाळाचा संसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो, आणि वेळेत औषध मिळालं तर बहुतेक बाळं बरी होतात.

हे नुसतं दिलासा द्यायला म्हणत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत एक काम केलं. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना बाळ तपासायला शिकवलं, सेप्सिसची, म्हणजे जंतू रक्तात पसरल्याची, लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचं (अँटिबायोटिकचं) इंजेक्शन व तोंडाने द्यायचं औषध त्यांच्या हाती दिलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. त्याआधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांपैकी साधारण सतरा दगावत, उपचार सुरू झाल्यावर हा आकडा तीनच्या खाली आला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले आणि आज आपल्या दारी येणाऱ्या आशाताईंच्या घरभेटींचा पाया त्यातून घातला गेला. म्हणजे ही लक्षणं ओळखायला डॉक्टरच लागतो असं नाही. नीट पाहणारी नजर, घड्याळ आणि थर्मामीटर लागतो.

नाव कोणतं, याचा घोळ घरी घालू नका

जंतू रक्तात पसरले की सेप्सिस, फुप्फुसात गेले की न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाला सूज आली की मेंदूज्वर. मोठ्यांमध्ये या तिन्हींची लक्षणं वेगळी दिसतात. तान्ह्या बाळात ती इतकी एकसारखी असतात की नुसतं बघून डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं दोन महिन्यांखालच्या बाळांसाठी तिन्ही मिळून एकच गट केला आहे: गंभीर जिवाणूसंसर्गाची शक्यता. शक्यता वाटली की उपचार सुरू करायचे, नाव नंतर ठरतं.

बाळ इतकं नाजूक का? आईच्या रक्तातली संरक्षक प्रथिनं बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. म्हणून दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाकडे ही शिदोरी कमी असते. कातडी पातळ, नाळ अजून ओली, आणि जंतूंशी लढायची स्वतःची यंत्रणा नुकती कुठे जागी होत असते. ताप आणण्याचीसुद्धा ताकद नसते, त्यामुळे संसर्ग झालेलं बाळ कित्येकदा गरम न होता गार पडतं.

कोणत्या बाळाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं

सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ, आणि दीड किलोच्या आतलं तर फारच. प्रसूतीच्या वेळी आईला ताप असेल, पाणमोट फुटून अठरा तासांहून जास्त वेळ गेला असेल, किंवा त्या पाण्याला घाण वास येत असेल तर संसर्ग जन्माच्या आधीच पोचलेला असू शकतो. अशा बाळात पहिल्या तीन दिवसांतच लक्षणं दिसतात. घरी सोडताना डॉक्टरांना या गोष्टी आवर्जून सांगा, कारण प्रसूती एकीकडे आणि बाळाची तपासणी दुसरीकडे झाली तर हा धागा सुटतो.

तीन दिवसांनंतर दिसणारा संसर्ग बहुधा बाहेरून आलेला असतो: हातांमधून, नाळेतून, वरच्या दुधाच्या बाटलीतून, किंवा दवाखान्यातल्या दीर्घ मुक्कामातून. पाचवीपासून बारशापर्यंत घरात पाहुण्यांची रीघ असते, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरतं, आणि नेमका हाच काळ नाजूक असतो. आत्या-मावश्यांना राग आला तरी चालेल, पण साबणाने हात धुतल्याशिवाय आणि सर्दी-खोकला असताना बाळ घ्यायचं नाही, हा नियम घरातल्या कर्त्या माणसानं सांगावा. बाळंतिणीवर ते ओझं टाकू नये.

रोज एकदा बाळ उघडं करून पाहा

दिवसातून निदान एकदा, चांगल्या उजेडात, बाळाचं झबलं-दुपटं काढून पूर्ण पाहायचं. आंघोळीची वेळ यासाठी बरी, पण खोली उबदार हवी आणि पंखा बंद. पाच गोष्टी पाहायच्या.

*दूध.* निरोगी बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पितं. संशय आला तर आईला विचारून भागत नाही, समोर बसून पाहावं लागतं. बाळाला जागं करा, स्तनाशी लावा. तोंड उघडून पकडतं का? दोन-चारदा ओढून थांबून गिळण्याचा आवाज येतो का? की स्तन तोंडात धरून नुसतं पडून राहतं? सुरुवातीपासूनच नीट न ओढणारं बाळ आणि चांगलं ओढत असताना अचानक थांबलेलं बाळ, दोघांनाही दाखवायलाच हवं, पण दुसऱ्याच्या बाबतीत अर्ध्या तासाचाही उशीर नको. पाच दिवसांच्या पुढच्या बाळानं दिवसाला सहा लंगोट ओले केले नाहीत, तर दूध पोटात जात नाही असं समजा.

*हातपाय.* नवजात बाळ हातपाय दुमडून असतं, ओढून सरळ केले तरी पुन्हा घेतं. आजारी बाळाचे हातपाय सैल पडतात, उचललं की लोंबतात. झोपेत आहे की मलूल आहे हे कळत नसेल तर तळव्यावर हलकी टिचकी मारा. निरोगी बाळ जागं होतं, पाय झाडतं, कुरकुरतं आणि जागं राहतं. टिचकी मारली तेवढ्यापुरतं हलून पुन्हा पडून राहणारं किंवा मुळीच न हलणारं बाळ गंभीर आजारी असतं.

*उष्णता.* हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटावर, मग तळपायावर लावा. पोट गरम, पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर बाळ धोक्यात आहे. पण हाताचा अंदाज फसतो, म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर ठेवाच. तो काखेत उभा धरायचा, दंड अंगाशी दाबून ठेवायचा, आवाज येईपर्यंत हलवायचा नाही. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. ३८ अंश (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याच्या वर गेलं की ताप. ३५.५ (९५.९ फॅरनहाइट) च्या खाली गेलं तर तोही तापाइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, घाबरण्यासारखा प्रकार, कारण गार बाळाकडे घरातलं कुणी आजारी म्हणून पाहतच नाही. मधल्या आकड्यांना थोडी सवड आहे. किंचित गार बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला आणि तासाभरात पुन्हा मोजा. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात टोपडं, झबलं आणि दोन दुपट्यांत गुंडाळलेलं बाळ नुसत्या उकाड्यानेही तापतं, तेव्हा ३७.५ आणि ३८ च्या मधला आकडा आला तर कपडे कमी करून, अंगावर पाजून अर्ध्या तासानं परत मोजा. पण इतर कोणतंही लक्षण सोबत असेल तर ही सवड घेऊ नका.

*श्वास.* सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बाळ शांत असताना, झबलं वर करून, पोटाच्या हालचालीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं तान्ह्या बाळाला लागू पडत नाही, कारण ते काही क्षण भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. ही लय निरोगी बाळातही असते. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त मोजले गेले तर बाळ शांत करून पुन्हा पूर्ण मिनिट मोजा. दुसऱ्यांदाही साठ भरले तर श्वास जलद आहे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खोल आत ओढला जातो का तेही पाहा. थोडंसं आत जाणं लहान बाळात चालतं, पण लांबूनही दिसेल इतका खोल खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुगत असतील, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर मोजत बसू नका, निघा. वीस सेकंद श्वास थांबणं किंवा ओठ-जीभ निळी पडणं हेही तसंच.

*नाळ, कातडी, डोळे.* नाळेच्या टोकाला थोडा चिकटपणा आणि गळताना एखादा रक्ताचा थेंब नेहमीचा. पू येणं, घाण वास, आणि मुख्य म्हणजे नाळेभोवतीच्या पोटाच्या कातडीवर पसरत जाणारा लालसरपणा धोक्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर येणारे लाल चट्टे, मधोमध बारीक पिवळसर ठिपका असलेले, बहुतेक बाळांत आपोआप जातात. पण पू भरलेले फोड आले तर बाळ दाखवा. ते दहा किंवा त्याहून जास्त असतील, किंवा एखादं मोठं गळू असेल, तर तो गंभीर संसर्ग धरतात. डोळ्यांतून सतत पू येत असेल तर काजळ नाही, दवाखाना.

आशाताईंच्या घरभेटी याच तपासणीसाठी असतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवशीही. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचं नाव तिथल्या आशाताईंना कळवायचं राहून जातं आणि या भेटी हुकतात, एवढं एक काम माहेरच्यांनी आठवणीनं करावं.

यांपैकी एकही दिसलं तर तडक दवाखाना

दूध ओढणं थांबलं किंवा एकदम कमी झालं. झटके आले. टिचकी मारल्यावरच हलतं किंवा हलतच नाही. ताप ३८ किंवा त्याच्या वर, किंवा अंग ३५.५ च्या खाली. छातीत खोल खड्डे. सात दिवसांच्या आतल्या बाळात नुसता साठ किंवा त्याहून जास्त श्वाससुद्धा. ही जागतिक आरोग्य संघटनेची मुख्य यादी. यांपैकी एक पुरे, दुसरं दिसेपर्यंत थांबायचं नाही.

यात मी आणखी काही गोष्टी जोडेन: रडणं क्षीण झालं किंवा थांबलं, टाळू फुगून वर आली, पोट ताठ फुगलं, वारंवार उलट्या होताहेत, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा जन्मल्यापासून चोवीस तासांतच कावीळ दिसली. हिरवी उलटी झाली तर ते आतडं अडकल्याचंही लक्षण असू शकतं आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलंच रुग्णालय गाठावं लागतं.

झटक्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तान्ह्या बाळाचा झटका झटक्यासारखा दिसत नाही. डोळे एकटक एका बाजूला लागतात, ओठ चाखल्यासारखे हलत राहतात, पाय सायकल चालवल्यासारखे फिरतात, किंवा एकच हात ठरावीक तालात उडत राहतो. नुसतं थरथरणाऱ्या बाळाचा हात तुम्ही हलकेच धरलात की थरथर थांबते. झटका धरल्यानं थांबत नाही. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढता आला तर काढा, डॉक्टरांना शब्दांपेक्षा तो उपयोगी पडतो.

पोट फुगण्याचं मुद्दाम वेगळं सांगायला हवं. मेळघाटात आणि इतर काही भागांत बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. देणाऱ्यांच्या मनात बाळ वाचावं हीच इच्छा असते, हे मला माहीत आहे. पण फुगलेलं पोट हे बऱ्याचदा रक्तातल्या संसर्गाचं लक्षण असतं. चटक्यानं संसर्ग जात नाही, उलट भाजलेल्या कातडीतून नवे जंतू आत शिरतात आणि दवाखान्यात पोचायचे मोलाचे तास जातात. दृष्ट काढायची असेल तर गाडी येईपर्यंत काढा, त्यानं बाळाला इजा होत नाही. गाडी बोलवायला मात्र आधी फोन करा.

निघण्याआधी आणि वाटेत

१०८ ला फोन करा. १०२ ची गाडी आई-बाळांसाठीच असते. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला नेणं, तपासण्या, औषधं आणि परत घरी सोडणं हे २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि आता ते बाळ एक वर्षाचं होईपर्यंत लागू आहे. पैशांची जुळवाजुळव होईस्तोवर थांबू नका.

शक्य असेल तर थेट तिथे जा जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत तो असतो. तीन दवाखाने फिरत बाळ शेवटी तिथेच पोचतं, म्हणून फोनवर आधी विचारा. पण तो दोन-तीन तासांवर असेल आणि प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेत असेल तर तिथे थांबून प्रतिजैविकाचा पहिला डोस घेऊनच पुढे जा. हा पहिला डोस ज्या वेळी पडतो त्यावर पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

वाटेत बाळ गार पडणं हा मोठा धोका. आईनं बाळाला फक्त टोपडं आणि लंगोट ठेवून आपल्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं धरावं आणि वरून साडी, शाल गुंडाळावी. आई येऊ शकत नसेल तर वडिलांनी किंवा आजीनं धरावं, उब सारखीच मिळते. गरम पाण्याची बाटली किंवा शेगडीचा शेक नको, बाळं भाजतात.

बाळ जागं असेल आणि ओढत असेल तर अंगावर पाजत राहा. ओढत नसेल पण गिळत असेल तर पिळून काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं थोडं थोडं. बेशुद्ध, झटके येणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या बाळाच्या तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. गुटी, मध, उगाळलेलं काही, घरात उरलेलं खोकल्याचं किंवा तापाचं औषध, मोठ्या भावंडाचं उरलेलं अँटिबायोटिक, छातीला बाम, कापूर, यांतलं काहीच नाही. तापाचं औषध दिल्यानं ताप उतरतो, पण आजार तसाच राहतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होते.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्जचा कागद, आणि एका चिठ्ठीवर तीन गोष्टींची वेळ लिहून घ्या: बाळ शेवटचं नीट कधी प्यालं, शेवटची लघवी कधी झाली, पहिलं लक्षण कधी दिसलं.

दवाखान्यात काय करतात, आणि का

"बाळाला पेटीत ठेवलंय" एवढंच बाहेर कळतं आणि घरची माणसं हादरतात. आत काय चाललं आहे ते माहीत असलं की थोडा धीर येतो. आधी बाळाला गरम करतात, श्वास पाहून ऑक्सिजन लावतात, रक्तातली साखर तपासतात, कारण दूध न प्यालेल्या बाळाची साखर पटकन खाली जाते. मग शीर शोधून सलाईन, आणि औषध सुरू करण्याआधी शक्यतो रक्ताचं कल्चर. कल्चर म्हणजे रक्तात जंतू वाढतात का आणि कोणत्या औषधाला मरतात, याची परीक्षा. तिचा निकाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात, तोवर थांबता येत नाही म्हणून अंदाजानं उपचार सुरू होतात. ॲम्पिसिलिन आणि जेन्टामायसिन ही जुनी, अनेक ठिकाणी अजूनही पहिली जोडी.

जिथे औषधांना न जुमानणारे जंतू ठाण मांडून आहेत तिथे डॉक्टर वेगळी औषधं निवडतात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई-कोलाय हे जंतू मोठ्या प्रमाणात सापडले आणि त्यांतल्या बऱ्याच जंतूंवर एकाहून अधिक औषधं चालत नव्हती. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानातून अँटिबायोटिक सहज मिळतं, त्याची किंमत ही बाळं मोजतात.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की बहुतेक घरांतून नकार येतो. बाळ लुळं पडेल अशी भीती असते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे ती भीती नको. मेंदूज्वर आहे की नाही हे दुसऱ्या कशानं खात्रीनं कळत नाही, आणि ते कळणं गरजेचं असतं, कारण उपचारांचा काळ बदलतो. रक्तात जंतू सापडले तर साधारण दहा ते चौदा दिवस, मेंदूज्वर असेल तर तीन आठवडे. कल्चर स्वच्छ आलं आणि बाळ सुधारलं तर डॉक्टर औषध लवकरही थांबवतात. चौथ्या दिवशी बाळ टकाटका पाहायला लागलं म्हणून आपल्या जबाबदारीवर घरी नेणं हा मात्र सर्वांत महाग पडणारा निर्णय. आजार उलटतो तेव्हा पहिल्यापेक्षा जोरात येतो.

या दिवसांत आईचं दूध आटू द्यायचं नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हात धुऊन दूध पिळायचं. बाळाला नळीनं द्यायला तेच लागणार असतं. तिच्या जेवणाची, झोपण्याच्या जागेची सोय पाहणं हे बाहेर थांबलेल्या माणसांचं काम. आणि तिलाही ताप, घाण वासाचा अंगावरून जाणारा स्राव किंवा पोटात दुखणं असेल तर त्याच वेळी तिची तपासणी करून घ्या.

दवाखान्यात जाताच येत नसेल तर

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. अशा गावांतल्या माणसांना "जिल्ह्याला न्या" हे उत्तर पुरत नाही. भरती करणं शक्यच नसेल किंवा समजावूनही घरचे तयार नसतील, तर प्रशिक्षित नर्सताईंनी गावातच उपचार द्यावेत, अशी सोय केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. सात दिवस रोज एक जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि सात दिवस दोन वेळा तोंडाने ॲमॉक्सिसिलिन.

डोस मी मुद्दाम लिहीत नाही. तो बाळाच्या त्या दिवशीच्या वजनावर ठरतो, जेन्टामायसिनच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात, आणि द्यायचं औषध मिलिलिटरचा एक अंश असतं. मोठ्यांची बाटली वापरली तर चौपट डोस जाऊ शकतो, आणि या औषधाचा जास्त डोस मूत्रपिंडाला आणि कानांना घातक असतो. म्हणून इंजेक्शन नर्सताईंनी किंवा डॉक्टरांनीच, वजन करून, नव्या सिरिंजनं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं. गावातल्या टोचणाऱ्याकडून नाही. ॲमॉक्सिसिलिनची विरघळणारी गोळी मिळाली तर ती पिळून काढलेल्या दुधात विरघळवून चमच्यानं देता येते. नर्सताईंनी सांगितल्याप्रमाणे पहिला डोस त्यांच्यासमोरच द्या म्हणजे हात बसतो.

हा मार्ग मुळीच दूध न घेणाऱ्या, झटके येणाऱ्या, बेशुद्ध, श्वास थांबणाऱ्या किंवा निळ्या पडलेल्या बाळासाठी नाही. त्याला काहीही करून हलवावंच लागतं. सात दिवसांच्या पुढच्या बाळाला इतर काहीच नसून फक्त श्वास जलद असेल तर तोंडाच्या ॲमॉक्सिसिलिनवर घरी उपचार करता येतात, पण तेही तपासून घेऊन, आणि चौथ्या दिवशी पुन्हा दाखवायच्या अटीवर. उपचार सुरू असताना बाळ आणखी मलूल झालं, नवीन लक्षण आलं, किंवा तीन दिवसांत फरक पडला नाही, तर घरातला प्रयत्न तिथेच थांबवून भरती.

घरात काय बदलायचं

जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणं, चीक फेकून न देता तो बाळाला देणं, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, बाळाला हात लावण्याआधी साबण, नाळ कोरडी आणि लंगोटाच्या वर. हे आशाताई सांगतातच. मला त्यापेक्षा आपल्या मालिशवाल्या मावशींशी बोलायला सांगायचं आहे. नाळेवर हळद, तेल, राख लावायची नाही. नाकात-कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. आणि बाळाच्या छातीला गाठ आली, त्यातून थेंबभर दूध आलं, तर ते पिळून काढायचं नाही. आईच्या संप्रेरकांमुळे मुलींना तशी मुलग्यांनाही ती सूज येते आणि काही आठवड्यांत आपोआप उतरते. पिळलं की तिथे जंतू शिरतात, पू होतो, आणि चिरा द्यावा लागतो. मावशी अनेक वर्षं हे काम करताहेत, त्यांना मान देऊन, बाळाची आजी समोर असताना सांगा, त्या ऐकतात.

घरी परतल्यावर

उपचार संपवून आलेल्या बाळाला पहिले काही आठवडे पुन्हा आजारी पडण्याचा धोका जास्त असतो. आठवड्याला वजन करा, बोलावलेल्या तारखा चुकवू नका, राहिलेल्या लसी विचारून घ्या. मेंदूज्वर झाला असेल तर डोक्याचा घेर दर भेटीत मोजून कार्डावर लिहायला सांगा. ज्या बाळाला मेंदूज्वर झाला किंवा बरेच दिवस जेन्टामायसिनसारखी औषधं मिळाली, त्याच्या कानांची तपासणी तीन महिन्यांच्या आत करून घ्या. घरी टाळी वाजवून पाहणं पुरेसं नसतं, त्यासाठी यंत्र लागतं आणि ही सोय कुठे आहे ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून तारीख घ्या. सुट्टी मिळण्याच्या घाईत नेमका हाच कागद मागे राहतो.